ध्यानाला बसलेल्या शरीराचे काय?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये ठराव करून २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन म्हणून मुक्रर केला. त्याच्या बरोबर दहा वर्षे आधी, डिसेंबर २०१४ मध्ये, याच आमसभेने २१ जून हा योग दिन ठरविला होता. अशा दिवसांच्या निमित्ताने व्याख्याने होतात, शाळा-कचेऱ्यांतून सामुदायिक बैठका होतात आणि मनःशांती, एकाग्रता, तणावमुक्ती यांविषयी पुष्कळ बोलले जाते. जे सहसा बोलले जात नाही ते एवढेच की, श्वासावर लक्ष ठेवून बसणाऱ्या नवख्या माणसाची पहिली गाठ मनाशी पडतच नाही. ती पडते स्वतःच्या गुडघ्याशी. दहा मिनिटे होतात न होतात तोच पायाला मुंग्या येतात, पाठीत कळ येते, नाकाच्या शेंड्यावर खाज सुटते, घसा खवखवतो. नेमका त्याच वेळी एक डास कानाशी येऊन गुणगुणू लागतो. श्वास राहतो बाजूला आणि सारे चित्त त्या डासाभोवती घोटाळू लागते.

अशा वेळी बहुसंख्य लोक दोहोंपैकी एक मार्ग पत्करतात. काही जण ‘हे आपले काम नव्हे’ असा निष्कर्ष काढून उठतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. दुसरे काही दातओठ खाऊन तसेच बसून राहतात आणि न हलता काढलेल्या मिनिटांचा हिशेब ठेवू लागतात. पहिल्याच्या हातून एक साधे, बिनखर्चाचे आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला उपयोगी पडणारे साधन निसटते. दुसरा ते साधन हाती धरतो खरा, पण त्याचा हेतूच विसरतो आणि प्रसंगी शरीराला इजा करून घेतो. या दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच समजूत आहे: ध्यान म्हणजे मनाचे काम आणि शरीर म्हणजे त्या कामातील अडथळा. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

देहदंडाचा जुना अनुभव

श्वासाच्या ध्यानाची सर्वांत पद्धतशीर मांडणी पाली वाङ्मयात आढळते. मज्झिमनिकायातील ‘आनापानसति’ सुत्त हे तिचे मूळ होय. या सुत्तात श्वास रोखण्याची, लांबविण्याची किंवा मोजण्याची आज्ञा नाही. दीर्घ श्वास दीर्घ म्हणून जाणावा, आखूड श्वास आखूड म्हणून जाणावा, येथून प्रारंभ होतो. परंतु ही साधी पद्धत ज्याच्या नावावर आहे, त्या गौतमाने स्वतः आधी अगदी उलट मार्ग चोखाळून पाहिला होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

त्याच मज्झिमनिकायातील ‘महासच्चक’ सुत्तात तो वृत्तांत आहे. दातावर दात घट्ट दाबून, जीभ टाळ्याला भिडवून मनाने मनाला चिरडण्याचा प्रयत्न त्याने केला. काखेतून घाम गळू लागला. नंतर त्याने तोंड, नाक आणि कान यांतून होणारा वायूचा संचारच रोखून धरला. तेव्हा कानांत लोहाराच्या भात्यासारखा घोष उठला आणि कोणी चामड्याचा पट्टा डोक्याभोवती आवळावा तशा वेदना झाल्या. शरीर थकले, पण मन शांत झाले नाही. अखेर लहानपणी जांभळीच्या सावलीत सहज लागलेल्या ध्यानाची त्याला आठवण झाली. त्या सुखाला भिण्याचे कारण काय, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला, अन्न घेतले आणि शरीराशी मांडलेले वैर सोडले. बरोबरचे पाच तपस्वी तो भ्रष्ट झाला असे समजून निघून गेले. दुखण्याला जो जितका जास्त भिडेल तितका तो मोठा साधक, ही समजूत किती जुनी आहे ते यावरून दिसते.

पुढे बुद्धत्व प्राप्त झाल्यावरही शरीराने आपला धर्म सोडला नाही. कपिलवस्तूच्या शाक्यांनी बांधलेल्या नव्या सभागृहात प्रवचन चालू असता बुद्धाची पाठ दुखू लागली. त्याने पुढील उपदेश आनंदावर सोपविला आणि तो उजव्या कुशीवर आडवा झाला, असे ‘सेख’ सुत्तात नमूद आहे. पाठदुखी लपविण्याची गरज त्याला वाटली नाही आणि ती नमूद करण्यात संकलनकर्त्यांनाही कमीपणा वाटला नाही.

वैदिक परंपरेचा कौलही फारसा वेगळा नाही. पतंजलीने आसनाची लक्षणे दोनच सांगितली, स्थैर्य आणि सुख. त्यांतील दुसरे आजकाल विसरले जाते. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन फार उंच नसावे व फार सखलही नसावे, त्यावर मऊ आच्छादन असावे, येथपर्यंत तपशील आहे आणि अति खाणाऱ्याला तसेच मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही, असा स्पष्ट इशारा आहे. ज्ञानेश्वरांनी तर त्या जागेचे वर्णन करताना प्रसन्न स्थळाला केवढे महत्त्व दिले आहे! बैठक सुखाची करून घेणे हा दुबळेपणा मानण्याचे कारण यांपैकी कोणत्याही परंपरेत सापडत नाही.

शरीरात घडते काय?

मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो तेव्हा ‘रक्त थांबले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः मुख्य कारण मज्जातंतूवर पडणारा दाब हे असते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडे खाली, एक मज्जातंतू हाडावरून अगदी कातडीलगत जातो. मांडीच्या बैठकीत तो सहज दाबला जातो, त्याचे संदेश अडतात आणि पाऊल आपले वाटेनासे होते. दाब सुटला की तो तंतू काही काळ अनियमित संदेश पाठवितो. त्यालाच आपण मुंग्या म्हणतो. थोड्या वेळात ओसरणारी ही संवेदना सहसा निरुपद्रवी असते. मात्र बधिर पायावर एकदम उभे राहणे धोक्याचे आहे, कारण पाऊल जमिनीवर नीट टेकले की नाही हेच कळत नाही आणि माणूस पडतो.

खाजेचे गणित निराळे आहे. ती स्वतंत्र मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जाते. खाजविल्याने बारीकशी वेदना निर्माण होते आणि ती वेदना पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतच खाजेचा संदेश काही काळ दाबून टाकते. म्हणून बरे वाटते आणि म्हणूनच थोड्या वेळाने खाज परत येते. ध्यानात अचानक सुटलेली खाज न खाजविता नुसती पाहिली, तर बहुधा ती वाढते, शिगेला पोहोचते आणि ओसरून जाते. हा अनुभव एकदा आला की साधकाचा तिच्याविषयीचा धाक कमी होतो.

खुद्द श्वासही कमी अडचणी निर्माण करीत नाही. श्वसन ही अशी क्रिया आहे की, मेंदूच्या मुळाशी असलेली केंद्रे ती अहोरात्र आपोआप चालवितात, पण मनात आणले तर आपण तिचा ताबाही घेऊ शकतो. साहजिकच श्वासाकडे पाहू लागताच तो ताबा नकळत घेतला जातो आणि मग श्वास अपुरा वाटतो, छाती जड वाटते. काही जण याला उत्तर म्हणून मोठमोठे श्वास घेऊ लागतात. त्यामुळे रक्तातील कर्बवायूचे प्रमाण घटते, डोके हलके होते, बोटांच्या टोकांना झिणझिण्या येतात आणि हा कुठला तरी आध्यात्मिक अनुभव आहे असा भ्रमही होतो. उपाय सोपा आहे. श्वास सोडावा आणि पुढचा श्वास मुद्दाम घेऊ नये. शरीर तो स्वतःहून घेते. एका नाकपुडीतून वारा कमी वाहतो ही तक्रारही अनाठायी असते. नाकातील आतील आवरणाची सूज काही तासांच्या अंतराने आलटून पालटून कमी-अधिक होत असते. आपल्या योगग्रंथांनी इडा-पिंगलेच्या रूपाने याच फेरपालटाची दखल घेतली आहे.

दोन बाण

शरीराच्या या तक्रारींचे करायचे काय? संयुत्तनिकायातील एका सुत्तात यासाठी दोन बाणांचा दृष्टांत योजला आहे. अज्ञ माणसाला एक बाण लागतो आणि पाठोपाठ दुसराही लागतो. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा. दुसरा त्या वेदनेवर मनाने केलेल्या शोकाचा, चिडीचा आणि धास्तीचा. जाणत्या माणसालाही पहिला बाण चुकत नाही, पण दुसरा तो स्वतःला मारून घेत नाही. गुडघा दुखणे हा पहिला बाण होय. ‘अजून वीस मिनिटे उरली, हे कसे सोसणार, शेजारचा कसा शांत बसला आहे, माझ्याच नशिबी हे का’ ही सारी मालिका दुसऱ्या बाणात मोडते.

हा भेद केवळ काव्यात्म नाही, असे अलीकडील प्रयोगांवरून दिसते. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५ निरोगी व्यक्तींना चार दिवस, रोज २० मिनिटे, श्वासाचे ध्यान शिकविण्यात आले आणि पायाच्या पोटरीला त्रासदायक उष्णतेचा स्पर्श देऊन त्यांची प्रतिक्रिया मोजण्यात आली. ध्यान करीत असताना वेदनेची तीव्रता सुमारे ४० टक्क्यांनी कमी नोंदविली गेली, तर तिचा नकोसेपणा सुमारे ५७ टक्क्यांनी कमी झाला. प्रयोग लहान होता हे खरे. पण तीव्रता आणि नकोसेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी अधिक प्रमाणात बदलू शकते, हा त्यातील मुद्दा लक्षणीय आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची परीक्षाही जुनाट कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांवर घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी या अभ्यासक्रमाच्या गटातील सुमारे ६१ टक्के रुग्णांच्या हालचालींत अर्थपूर्ण सुधारणा आढळली. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत ते प्रमाण ४४ टक्के होते. मानसोपचाराची दुसरी एक पद्धत योजलेल्या गटातही सुधारणा जवळजवळ तेवढीच, ५८ टक्के होती. तेव्हा ध्यानात उपयोग आहे, चमत्कार नाही, असे म्हणणे रास्त ठरेल.

हलावे की हलू नये?

या प्रश्नावर खुद्द आचार्यांतही एकवाक्यता नाही. महाराष्ट्राला परिचित असलेली परंपरा ब्रह्मदेशातून आली. तिचे एक आचार्य सयाजी ऊ बा खिन हे महालेखापाल कार्यालयात कारकून म्हणून नोकरीस लागले आणि १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. कचेरीचे काम आणि ध्यान ही दोन्ही त्यांनी बरोबरीने चालविली. त्यांच्याकडे १९५५ साली सत्यनारायण गोएंका हे तरुण व्यापारी गेले ते अर्धशिशीच्या असह्य दुखण्यावर उपाय शोधत. केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी येणार असाल तर येऊ नका, असे सयाजींनी त्यांना प्रथम सांगितले, ही हकिकत गोएंका स्वतः सांगत असत. पुढे १९६९ मध्ये ते भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस केवळ नाकपुड्यांपाशी श्वास पाहावयाचा असतो आणि त्या काळात बैठक बदलण्याची मुभा असते. विपश्यना सुरू झाल्यानंतर मात्र दिवसातून तीन वेळा एकेक तास हात, पाय आणि डोळे न उघडण्याचा निश्चय करावयाचा असतो. त्याला अधिष्ठान म्हणतात.

त्याच ब्रह्मदेशातील महासी सयाडो (१९०४–१९८२) यांची रीत थोडी निराळी आहे. ते लक्ष नाकाऐवजी पोटाच्या वर-खाली होण्यावर ठेवावयास सांगत. खाज, वेदना, उष्णता यांपैकी जे प्रबळ होईल त्याची मनात नोंद करावी, धीर धरावा. पण ते असह्य झालेच तर हलण्याच्या इच्छेचीही नोंद करावी आणि मग हळूहळू, प्रत्येक हालचाल जाणीत, बैठक बदलावी, असा त्यांचा उपदेश असे.

वरवर पाहता या दोन रीती परस्परविरुद्ध वाटतात. पण नकळत, चडफडत आणि सवयीने हलू नये, यावर दोन्हींचे एकमत आहे. शिबिरातील निश्चय हा जाणत्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली आणि काही दिवसांच्या तयारीनंतर येतो. तेथेही वृद्धांना व दुखणाईतांना खुर्ची मिळते. घरी पहिल्याच आठवड्यात तो अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

तेव्हा सामान्य माणसाने क्रम ठेवावा तो असा. बसण्यापूर्वीच बैठकीची तजवीज करावी. कुल्ल्यांखाली घडी केलेली घोंगडी किंवा उशी घेऊन ते गुडघ्यांपेक्षा थोडे उंच ठेवावेत. मांडी जमत नसेल तर खुर्चीवर पाठ सरळ ठेवून, पाय जमिनीला टेकवून बसावे. डास असतील तर मच्छरदाणीत बसण्यात कोणताही कमीपणा नाही. वेदना आली की प्रथम तिला पार्श्वभूमीत राहू देऊन श्वासाशीच राहावे. ती खेचूनच घेऊ लागली, तर चोरट्या नजरेने न पाहता सरळ तिच्याकडे पाहावे: ती नेमकी कोठे आहे, केवढी आहे, टोचते की जळते, स्थिर आहे की सरकते? सरसकट ‘पाय दुखतो’ म्हणून जे वाटते त्याचे असे तुकडे पडू लागले की पुष्कळदा दुसरा बाण गळून पडतो. तरीही ती वाढतच राहिली, तर हलण्याचा निर्णय करावा, सावकाश हलावे आणि पुन्हा श्वासाकडे यावे. भोवतालचे आवाज ऐकू येऊ द्यावेत. शेजारच्या कुकरची शिट्टी ही ऐकण्याची एक घटना आहे, शेजाऱ्याविषयीचे मत बनविण्याची संधी नव्हे.

झोपेचा प्रश्न कचेरीतून थकून आलेल्यांना सर्वांत अधिक छळतो. मगधातील एका खेड्यात मोग्गल्लान ध्यानाला बसून डुलक्या घेत होता, तेव्हा बुद्धाने त्याला उपायांची मालिकाच सांगितली. विषय बदलावा, पाठांतर आठवावे, दोन्ही कान ओढावेत, अंग चोळावे, उठून डोळ्यांना पाणी लावावे आणि ताऱ्यांकडे पाहावे, प्रकाशाची कल्पना करावी, येरझारा घालाव्यात. आणि यांपैकी कशानेच न भागल्यास सरळ उजव्या कुशीवर झोपावे, मात्र ठरवून उठावे. थकलेल्या शरीराला झोप हवी असेल तर ती देणे, हाही उपदेशाचाच भाग आहे.

सहनशक्तीची मर्यादा

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. प्रत्येक वेदना पाहत बसण्याजोगी नसते. छातीत दाब किंवा कळ येऊन ती हाताकडे, जबड्याकडे जाऊ लागली तर ध्यान सोडून तत्काळ दवाखाना गाठला पाहिजे. गुडघ्यात सुरीसारखी टोचणारी आणि उठल्यावरही न जाणारी वेदना, पायाचा दीर्घकाळ टिकणारा बधिरपणा, पाऊल उचलण्यातील अशक्तपणा ही बैठक बदलण्याची व वैद्याचा सल्ला घेण्याची लक्षणे आहेत. त्यांना पूर्वकर्माचा निचरा मानून दडपणे हा अविचार ठरेल. दमेकऱ्यांना किंवा मोठ्या आघातातून गेलेल्यांना श्वासाकडे लक्ष देताच घुसमट वाढल्यासारखे वाटण्याचा संभव असतो. अशांनी चालताना पावलांवर किंवा एखाद्या सौम्य आवाजावर लक्ष ठेवणे अधिक हितकर.

हाच विवेक शाळांतूनही हवा. मुलांना पाच-दहा मिनिटे श्वास पाहावयास शिकविण्याचे उपक्रम स्तुत्य आहेत. परंतु आपल्या वर्गांना ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा इतकी अंगवळणी पडलेली आहे की, ध्यानाचा तासही तिचाच नवा अवतार होण्याची भीती असते. चुळबुळ करणाऱ्या मुलावर डोळे वटारले की त्याच्या मनात शांततेची सांगड शिक्षेशी घातली जाते. ‘तुला आता कुठे खाज येते आहे? ती वाढते आहे की कमी होते आहे?’ एवढा प्रश्न शिक्षकाने हळूच विचारला तर ती चुळबुळच त्या दिवसाचा पाठ होऊ शकते.

अखेर हा सारा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न उरतोच. न हलता तासभर बसणे ही स्वतःमध्ये काही मोठी कमाई म्हणता येणार नाही. ते कोणताही खांब करू शकतो. खाज सुटणे आणि हात उचलला जाणे यांच्यामध्ये एक बारीक फट असते, ती दिसू लागणे ही खरी कमाई. तीच फट खिडकीवरच्या रांगेतील माणसाने आवाज चढविला असता आणि आपले उत्तर ओठांवर आले असता उपयोगी पडते. उत्तरपत्रिका तपासताना आलेल्या त्राग्यात पडते. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात उठणाऱ्या गोळ्याच्या वेळीही पडते. मनाला एवढे शिकविण्यासाठी दुखणारा गुडघा हा काही वाईट गुरू नाही. त्याला जिंकावयाचेही नसते आणि त्याच्यापासून पळावयाचेही नसते; त्याचे म्हणणे ऐकून घेऊन मग काय करावयाचे ते ठरवावयाचे असते.